भूकंपाची पूर्वलक्षणे : बृहत्संहितेपासून कोयनेपर्यंत

१

कोयनानगर येथे ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला भूकंप आणि किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला भूकंप, या महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासातील दोन सर्वांत विनाशक भूकंपांत एक विलक्षण साम्य आहे. दोन्ही ठिकाणी मुख्य धक्क्याच्या पुष्कळ आधीपासून जमीन हलत होती. कोयनेच्या खोऱ्यात जवळजवळ पाच वर्षे आणि किल्लारीच्या परिसरात आदल्या वर्षी लोकांनी हादरे अनुभवले होते व भूगर्भातून येणारे आवाज ऐकले होते. त्यामुळे आपत्तीनंतर जो प्रश्न सर्वांच्या तोंडी आला तो स्वाभाविकच होता : हे आधी कळले नसते काय?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. निसर्ग पूर्वसूचना देतच असतो, ती वाचण्याची दृष्टी आपण गमावली, हे एक उत्तर होय. भूकंपाचे भाकीत शक्यच नाही, तेव्हा पूर्वसूचनेचा विचार व्यर्थ होय, हे दुसरे. वस्तुतः पहिल्या उत्तरात इतिहासाचा विपर्यास आहे आणि दुसऱ्यात शास्त्राचा. ज्याला आपण पूर्वलक्षण म्हणतो, त्याला लक्षणाची योग्यता केव्हा येते, आणि ती योग्यता ठरविण्यासाठी एका देशाचा अनुभव का पुरत नाही, हा या विषयाचा खरा गाभा आहे. प्रस्तुत लेखात या दोन मुद्द्यांचा मागोवा मुख्यतः महाराष्ट्रातील घटनांच्या आधारे घेतला आहे.

२

भूकंपाच्या पूर्वचिन्हांचा पद्धतशीर विचार आपल्याकडे जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपलक्षणाला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. पाण्यात राहणाऱ्या महाकाय प्राण्यांमुळे भूमी हलते, पृथ्वीचा भार वाहून श्रमलेले दिग्गज विसावा घेतात म्हणून ती हलते, वायूवर वायू आदळून तो भूमीवर कोसळतो म्हणून ती हलते, किंवा प्रजेच्या अदृष्टाचे ते फळ होय, अशी निरनिराळी मते वराहमिहिराने आरंभी नमूद केली आहेत. एकाच मताचा आग्रह न धरता पूर्वसूरींची मते शेजारीशेजारी मांडण्याची ही पद्धती लक्षणीय आहे. पुढे वायू, अग्नी, इंद्र व वरुण अशी चार मंडले कल्पून, नक्षत्रांनुसार भूकंपांची विभागणी केलेली आहे. आणि प्रत्येक मंडलाची चिन्हे आठवडाभर आधी दिसतात, असे सांगितले आहे. वायव्य मंडलाच्या भूकंपापूर्वी आकाश धुरकट होते, धूळ उडविणारा वारा वाहतो, सूर्याचे किरण मंद होतात, अशा स्वरूपाची ही वर्णने आहेत. कोणत्या मंडलाचा भूकंप किती योजनांपर्यंत जाणवेल, याचेही आकडे दिलेले आहेत. बाराव्या शतकात बंगालच्या बल्लाळसेनाने सिद्धीस नेण्यास घेतलेल्या अद्भुतसागर या संग्रहग्रंथातही ही परंपरा पुढे चालू राहिलेली दिसते.

या वर्णनांना भाबडेपणा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. त्यांत आधुनिक शास्त्र दडले आहे असे म्हणणे त्याहून सोपे आहे. दोन्ही टाळून असे विचारावे की, या लक्षणांची परीक्षा कशी व्हावयाची होती? त्याच बृहत्संहितेत दकार्गल म्हणून भूजलाचा अध्याय आहे. विशिष्ट वृक्ष, त्याच्या शेजारचे वारूळ, मातीचा रंग यांवरून अमुक दिशेला, अमुक पुरुष खोलीवर पाणी लागेल, असे तेथे सांगितले आहे. हे लक्षण खरे की खोटे, हे विहीर खणल्याबरोबर कळते. आणि विहिरी गावोगाव, पिढ्यानपिढ्या खणल्या जातात. भूकंपाच्या लक्षणाला ही कसोटी लागू शकत नव्हती. एका ठिकाणी मोठा भूकंप पुन्हा होण्यास शतके लोटतात. धुरकट आकाश आणि धुळीचा वारा मात्र दरवर्षी येतो. तेव्हा वराहमिहिराची उणीव निरीक्षणाची नव्हती. उणीव होती ती पडताळ्याची.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर चिन्ह आणि चिन्हित यांच्यात व्याप्ती सिद्ध झाल्यावाचून अनुमान उभे राहत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, कारण स्वयंपाकघरात तो संबंध हजारदा पाहिलेला असतो, आणि जेथे अग्नी नाही अशा सरोवरावर धूर दिसत नाही, हेही पाहिलेले असते. भूकंपाच्या बाबतीत होकारार्थी उदाहरणे दुर्मीळ असतात आणि नकारार्थी उदाहरणे कोणी टिपून ठेवत नाही. आपत्ती आली की लोकांना कुत्र्यांचे रडणे आठवते. ज्या रात्री कुत्री रडली आणि काहीच घडले नाही, ती रात्र कोणाच्याही स्मरणात राहत नाही.

३

नकारार्थी उदाहरणेसुद्धा टिपून ठेवणारे साधन म्हणजे अखंड चालणारे भूकंपलेखक यंत्र. हे साधन भारतात आले ते एका मोठ्या आपत्तीनंतर. १२ जून १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे आर. डी. ओल्डहॅम यांनी केला. आसामात झालेल्या या कंपाच्या लहरी युरोपातील यंत्रांवर उमटल्या होत्या. त्या नोंदींवरून भूकंपाच्या तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखता येतात, हे ओल्डहॅम यांनी दाखविले, आणि १९०६ मध्ये, दूरच्या भूकंपांच्या लहरींचा विचार करून, पृथ्वीला गाभा असल्याचे प्रतिपादन केले. एका प्रदेशातील आपत्तीचा अर्थ हजारो मैलांवरच्या कागदावर वाचता येतो, ही गोष्ट यातून प्रथमच निःसंदिग्धपणे सिद्ध झाली.

याच सुमारास जॉन मिल्न यांचे कार्य चालू होते. जपानमध्ये असताना १८८० च्या योकोहामा भूकंपानंतर तेथील भूकंपविज्ञान संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १८९५ मध्ये इंग्लंडला परतल्यावर वाइट बेटावरील शाइड येथे राहून त्यांनी एकाच नमुन्याच्या यंत्रांचे जगभर जाळे उभारण्याचा उद्योग आरंभिला. भारतात १८९८ च्या अखेरीस कलकत्त्यातील अलीपूर येथे आणि त्यापाठोपाठ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत व कोडाईकनाल येथे मिल्न यांच्या धर्तीची यंत्रे बसविण्यात आली. त्या काळी कुलाबा वेधशाळेचे संचालकपद नानाभाई मूस यांच्याकडे होते. या पदावर येणारे ते पहिले भारतीय. विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांमुळे चुंबकीय वेधांत विक्षेप येईल हे ओळखून त्यांनी अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा उभारली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणचे वेध समांतर घेऊन मगच कुलाब्याचे वेध थांबविले. जुन्या आणि नव्या नोंदींत खंड पडू नये यासाठी घेतलेली ही दक्षता आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. पूर्वलक्षण ओळखावयाचे तर ‘नेहमीचे’ म्हणजे काय, हे आधी निश्चित असावे लागते. आणि नेहमीचे काय, हे केवळ अखंड नोंदीच सांगू शकतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर या सहकार्याला वेगळेच कारण मिळाले. भूमिगत अणुस्फोट आणि नैसर्गिक भूकंप यांत भेद कसा करावा, हा प्रश्न १९५८ च्या जिनीव्हा येथील तज्ज्ञांच्या परिषदेत पुढे आला, आणि त्यातून अमेरिकेच्या पुढाकाराने १९६१ पासून एकाच प्रमाणाच्या भूकंपलेखकांचे जागतिक जाळे उभे राहिले. सुमारे १२० केंद्रांच्या या जाळ्यात भारतातील पुणे, दिल्ली, शिलाँग व कोडाईकनाल ही केंद्रे होती. प्रत्येक केंद्राच्या नोंदींच्या सूक्ष्मचित्रफिती कोणत्याही देशाच्या अभ्यासकाला मागविता येत. परस्परांविषयीच्या संशयातून जन्मलेली ही व्यवस्था शास्त्राच्या दृष्टीने मात्र निरपेक्ष दानासारखी ठरली. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हे जाळे कार्यान्वित होऊन थोडीच वर्षे झाली होती. तोच भूकंप दहा वर्षे आधी झाला असता, तर त्याविषयी आज ज्ञात असलेल्या कित्येक गोष्टी कायमच्या अज्ञात राहिल्या असत्या.

४

सातारा जिल्ह्यातील कोयना नदीवर बांधलेल्या १०३ मीटर उंचीच्या धरणामागे १९६१-६२ पासून पाणी साठू लागले आणि शिवाजीसागर जलाशय अस्तित्वात आला. त्यानंतर अल्पावधीतच परिसरातील लोकांना हादरे जाणवू लागले. सुरुंग उडाल्यासारखे आवाज येतात, अशा तक्रारी येऊ लागल्या. त्यापूर्वी हा प्रदेश भूकंपदृष्ट्या जवळजवळ निश्चिंत समजला जाई. दख्खनचे पठार म्हणजे बेसाल्टच्या थरांवर थर रचून झालेली एक घट्ट, निश्चल चौथरी, अशी धारणा शास्त्रज्ञांत व अभियंत्यांत सारखीच रूढ होती. तरीही हादऱ्यांची दखल घेण्यात आली, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ पासून परिसरात भूकंपलेखक बसविण्यास आरंभ केला. धक्क्यांची अपिकेंद्रे बहुतांशी जलाशयाच्या आसपास येतात आणि पाण्याची पातळी चढल्यावर काही काळाने धक्क्यांची संख्याही चढते, या गोष्टी या नोंदींतून दिसू लागल्या.

१३ सप्टेंबर १९६७ रोजी रिश्टर मापनानुसार ५ हून अधिक महत्तेचा धक्का बसला. तीन महिन्यांनी, ११ डिसेंबरच्या पहाटे, ६.३ महत्तेचा मुख्य भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली, कोयनानगरातील बहुतेक घरे पडली वा राहण्यास अयोग्य झाली. वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे मुंबईतील कारखाने थांबले. धरणाच्या भिंतीतील एका गॅलरीत बसविलेल्या प्रवेगलेखकाने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट इतका कमाल प्रवेग नोंदविला. धरणाचा आराखडा मात्र ०.०५ पट प्रवेग गृहीत धरून केलेला होता. धरणाला भेगा पडल्या, परंतु ते उभे राहिले. पुढे काँक्रीटचे आधार देऊन ते बळकट करण्यात आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लक्षणे होती, नोंदीही होत्या, मग भाकीत का झाले नाही? याचे उत्तर असे की, डिसेंबर १९६७ पूर्वी त्या लक्षणांचा अर्थ सांगू शकेल अशी व्याप्ती उपलब्ध नव्हती. लहान धक्के वाढत जाऊन मोठा भूकंप होतो, असे म्हणावे तर जगात असंख्य ठिकाणी लहान धक्के येतात आणि विरतात. लहान धक्क्यांनी भूगर्भातील ताण मोकळा होतो, म्हणून ते शुभच होत, असेही कोणास वाटणे अशक्य नव्हते. दोन्ही अनुमाने एकाच नोंदीवरून काढता येत होती. ज्या लक्षणावरून परस्परविरुद्ध निष्कर्ष सारख्याच सहजतेने निघतात, त्याला लक्षण म्हणता येत नाही. कोयनेच्या खोऱ्यात यंत्रांची उणीव असेलही. पण मोठी उणीव होती ती तुलनेची.

५

ही तुलना भूकंपानंतर लवकरच सुरू झाली, आणि तिचे स्वरूप आरंभापासूनच आंतरराष्ट्रीय होते. भारत सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीबरोबरच युनेस्कोच्या तज्ज्ञांनीही या घटनेचा अभ्यास केला. स्ट्रासबर्गचे भूकंपशास्त्रज्ञ जे. पी. रोते यांनी जलाशय भरणे आणि भूकंप होणे यांच्या संबंधाकडे जगाचे लक्ष वेधले. अमेरिकेतील हूव्हर धरणामागील मीड जलाशयाच्या परिसरात १९३० नंतरच्या दशकात झालेले धक्के, चीनमधील शिनफेंगजियांग येथील १८ मार्च १९६२ चा भूकंप, आफ्रिकेतील झांबेझी नदीवरील करिबा येथील सप्टेंबर १९६३ चा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथील ५ फेब्रुवारी १९६६ चा भूकंप, ही सारी उदाहरणे एका ओळीत मांडली गेली तेव्हा कोयनेचा अनुभव एकाकी राहिला नाही. १९७० नंतर मोठ्या जलाशयांशी निगडित भूकंपांचा विचार करण्यासाठी युनेस्कोने एक कार्यगटही नेमला. या साऱ्या उदाहरणांत कोयनेचा भूकंप सर्वांत मोठा ठरला आणि आजही तो तसाच मानला जातो.

या तुलनेचे सर्वांत महत्त्वाचे फळ भारतीय संशोधकांनी दिले. हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण यांनी १९७२ मध्ये जलाशयजन्य भूकंपांची समान वैशिष्ट्ये प्रसिद्ध केली. लहान व मोठ्या धक्क्यांचे प्रमाण अशा ठिकाणी प्रदेशातील सामान्य भूकंपांहून वेगळे असते. मुख्य धक्का आणि त्यानंतरचा सर्वांत मोठा धक्का यांच्या महत्तेतील अंतर कमी असते. मुख्य धक्क्यापूर्वी पूर्वधक्क्यांची मालिका असते आणि नंतर धक्के सावकाश ओसरतात. पाणी किती उंच चढले याबरोबरच ते किती वेगाने चढले, वरच्या पातळीवर किती काळ राहिले, आणि पूर्वीची कमाल पातळी ओलांडली गेली काय, हे प्रश्न निर्णायक ठरतात, हेही पुढील अभ्यासातून स्पष्ट झाले. पाण्याच्या भारापेक्षाही, विभंगातील फटींत शिरणाऱ्या पाण्याचा दाब खडकांना एकमेकांवर घट्ट धरून ठेवणारे घर्षण कमी करतो, ही या साऱ्यामागील कारणमीमांसा होय. ताण आधीपासूनच साठलेला असतो. जलाशय तो निर्माण करीत नाही, त्याला वाट करून देतो.

येथे पूर्वलक्षणाच्या कल्पनेत मूलभूत बदल झालेला दिसतो. धक्क्यांचे केवळ अस्तित्व हे आता लक्षण राहिले नाही. धक्क्यांतील परस्परप्रमाण आणि पाण्याच्या पातळीशी त्यांचा कालसंबंध हे लक्षण झाले. असे लक्षण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते अनेक खोऱ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच अस्तित्वात येते.

कोयनेच्या दक्षिणेस वारणा नदीवर दुसरे धरण झाल्यानंतर धक्क्यांचे क्षेत्र त्या दिशेलाही पसरले. ऑक्टोबर १९७३ आणि सप्टेंबर १९८० येथील धक्क्यांसह ५ वा अधिक महत्तेचे वीसहून जास्त भूकंप या प्रदेशात नोंदले गेले आहेत. एवढ्या लहान क्षेत्रात, आसपास दुसरा कोणताही मोठा उगम नसताना, इतकी वर्षे अखंड चाललेली भूकंपमालिका अभ्यासकाला अन्यत्र क्वचितच लाभते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने २००५ पासून तेथील धक्क्यांचे तत्काल निरीक्षण आरंभिले, आणि सूक्ष्म धक्क्यांच्या विशिष्ट गुच्छांवरून सुमारे ४ महत्तेच्या धक्क्यांचे अल्पकालीन अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला. मे २००८ मध्ये आधीच लिहून ठेवलेला असा एक अंदाज काही दिवसांतच खरा ठरला. हे यश लहान आहे, आणि ४ महत्तेच्या धक्क्याने फारशी हानीही होत नाही. तथापि घटनेनंतर आठवलेल्या चिन्हांपेक्षा घटनेपूर्वी लिहिलेल्या एका ओळीचे शास्त्रीय मोल अधिक आहे.

६

याच काळात जगात अन्यत्रही भाकिताचे प्रयत्न मोठ्या आशेने चालू होते. १९६२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी भाकीतसंशोधनाचा एक विस्तृत आराखडा मांडला. सोव्हिएत संघातील गार्म येथील निरीक्षणांनुसार भूकंपापूर्वी दोन प्रकारच्या लहरींच्या वेगांचे गुणोत्तर बदलते, या वार्तेने अनेक देशांत संशोधनाला चालना मिळाली. ४ फेब्रुवारी १९७५ रोजी चीनमधील हायचंग येथे ७.३ महत्तेच्या भूकंपापूर्वी लोकांना घराबाहेर काढण्यात आले आणि हजारो प्राण वाचले. विहिरींतील पाण्याच्या पातळीतील बदल आणि जनावरांचे अस्वस्थ वर्तन यांच्या नोंदी त्या वेळी झाल्या होत्या. परंतु निर्णय घेण्यास खरे कारण घडले ते आदल्या दिवसापासून झपाट्याने वाढत गेलेले पूर्वधक्के. दीड वर्षाने, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशान येथे तसे पूर्वधक्के आले नाहीत, इशारा दिला गेला नाही, आणि अधिकृत आकड्यांनुसार २ लाख ४२ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे सुमारे बावीस वर्षांच्या अंतराने ६ महत्तेचे भूकंप होत आले होते. म्हणून पुढील भूकंप १९९३ पूर्वी होईल, असे १९८५ मध्ये जाहीर करण्यात आले आणि परिसरात दाट निरीक्षणव्यवस्था उभारली गेली. भूकंप झाला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी, आणि इतकी यंत्रे सज्ज असूनही त्यापूर्वी विश्वसनीय असे कोणतेही पूर्वचिन्ह मिळाले नाही. आंतरराष्ट्रीय भूकंपविज्ञान संघटनेने जगभरातून पूर्वलक्षणांचे दावे मागवून त्यांची परीक्षा केली, तेव्हाही कसोटीला उतरलेली उदाहरणे मोजकीच निघाली. सहकार्याने ज्ञान वाढते, हे आपण नेहमी म्हणतो. सहकार्याने खोट्या ज्ञानाचा निरासही होतो, ही त्याची दुसरी आणि कमी गौरविली जाणारी बाजू होय.

७

किल्लारीचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील या प्रदेशात १९९२ च्या उत्तरार्धात धक्क्यांची मालिका जाणवली. १८ ऑक्टोबर १९९२ रोजीचा धक्का ४ महत्तेच्या आसपास होता. नंतर ही मालिका मंदावली. सुमारे अकरा महिन्यांनी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपी गेली असता, ६.२ महत्तेचा भूकंप झाला आणि शासकीय नोंदींनुसार सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. भूकंपशास्त्राच्या मापाने हा मध्यम भूकंप होता. एवढी मनुष्यहानी झाली ती मुख्यतः घरांमुळे : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आणि त्यांवर लाकडी तुळयांनी पेललेला जड मातीचा धाबा. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्या कुटुंबावर कोसळले.

याच्या शेजारी पालघर जिल्ह्यातील उदाहरण ठेवावे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत धक्क्यांची मालिका सुरू झाली, हजारो सूक्ष्म धक्के नोंदले गेले, आणि लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. किल्लारीसारखी आपत्ती मात्र या मालिकेतून उद्भवली नाही. लक्षण तेच, परिणाम वेगळा. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारी रिकामी करावी असे कोणी सुचविले असते, तर ते लोक किती महिने बाहेर राहिले असते? मालिका मंदावल्यावर ते परतले असते. आणि भूकंप त्यानंतर झाला असता. तेव्हा ‘लक्षणे होती, पण दुर्लक्ष झाले’ हे विधान किल्लारीच्या बाबतीत भावनेला पटते, इतिहासाला पटत नाही. ज्या गोष्टीची उपेक्षा झाली ती चिन्हांची नव्हे, तर भिंतींची. १९९३ मध्ये हा प्रदेश देशाच्या भूकंपक्षेत्र-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. कोयना परिसर भूकंपानंतर १९७० च्या नकाशात एकदम चौथ्या क्षेत्रात गेला. पहिले क्षेत्रच रद्द होऊन किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात जाण्यास २००२ साल उजाडावे लागले. दोन्ही वेळा नकाशा भूकंपाच्या मागून चालला.

८

नाशिकला या इतिहासात एक विशेष स्थान आहे. द्विभाषिक मुंबई राज्याच्या काळात, १९५९ मध्ये, येथे स्थापन झालेली आणि आज महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘मेरी’, या नावाने ओळखली जाणारी संस्था मुळात धरणे व बांधकामे यांच्या संशोधनासाठी आहे. माती, बांधकामाचे साहित्य, पाण्याचा प्रवाह यांबरोबरच राज्यातील धरणांच्या परिसरात भूकंपवेध घेण्याचे कार्यही तिच्याकडे आले. हा योगायोग नव्हे. कोयनेनंतर महाराष्ट्रात धरण आणि भूकंप हे विषय एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. ठाणे जिल्ह्यातील भातसा धरणाच्या परिसरात सप्टेंबर १९८३ मध्ये आलेल्या धक्क्यांनी हे पुन्हा दाखवून दिले. नाशिक जिल्ह्यातही कळवण, पेठ, दिंडोरी या भागांत सौम्य धक्के अधूनमधून जाणवतात, आणि प्रत्येक वेळी गावकरी तोच प्रश्न विचारतात : आज घरात झोपावे की अंगणात?

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देण्यासाठी वेधकाला दोन गोष्टी लागतात. पहिली, त्या प्रदेशाच्या नेहमीच्या हालचालींची अखंड नोंद; ती स्थानिक संस्थेवाचून होत नाही. दुसरी, तशाच प्रकारच्या इतर प्रदेशांत अशा मालिकांचा शेवट कसा झाला, याचे ज्ञान. ते जागतिक सहकार्यावाचून होत नाही. एकीवाचून दुसरी पांगळी आहे. कोयनेच्या परिसरात हा संयोग आता भूपृष्ठाखाली जाऊन साधला जात आहे. आंतरराष्ट्रीय भूखंडीय वैज्ञानिक वेधन कार्यक्रमाच्या साहाय्याने २०११ मध्ये तेथे खोल वेधनाचा विचार सुरू झाला. कराड येथील वेधनविवर भूभौतिकी प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली २०१७ मध्ये गोठणे येथील सुमारे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा बेसाल्ट भेदून ते खालच्या प्राचीन ग्रॅनाइटी पाषाणात उतरले. जेथे भूकंप उगम पावतो त्या खडकाचे तापमान, त्यातील पाण्याचा दाब व ताण यांचे मापन प्रत्यक्ष उगमाजवळ करावे, हा यामागील हेतू होय. वराहमिहिराचा दकार्गल आणि त्याचा भूकंपाध्याय यांच्यातील अंतर या ठिकाणी प्रथमच कमी होताना दिसते : आता भूकंपाच्या लक्षणाचीही परीक्षा खणून पाहता येऊ लागली आहे.

तथापि या खोदकामातून उद्याच दिवस व वेळ सांगणारे भाकीत हाती येईल, अशी अपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकाने जागवू नये. इटलीतील लाक्विला येथे ६ एप्रिल २००९ रोजी झालेल्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे दगावली. त्यापूर्वी तेथेही कित्येक महिने लहान धक्के येत होते. त्या काळात लोकांना दिलेल्या दिलाशावरून शास्त्रज्ञांवर खटला झाला, २०१२ मध्ये शिक्षा झाली, आणि २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. न्यायालयाचा निर्णय काहीही असो, ‘भीती नाही’ हे शब्दही एक भाकीतच आहे, आणि त्यालाही ‘भीती आहे’ या शब्दांइतकाच पुरावा लागतो, हा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

कोयनेने आपल्याला लक्षण वाचावयास शिकविले; किल्लारीने लक्षण वाचता येत नसतानाही काय करता येते, हे शिकविले. त्या आपत्तीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात घरांच्या बांधणीचा जो विचार झाला, तो भाकिताची वाट पाहत थांबला नव्हता. वेधशाळेतील नोंद आणि गवंड्याच्या हातातील ओळंबा यांना एकाच शास्त्राची दोन साधने मानणे, हाच या साठ वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष होय. आमच्या विभागातील जे विद्यार्थी या विषयाकडे वळतील त्यांनी जुन्या नोंदवह्यांत, तालुक्यांच्या दप्तरांत आणि गावांच्या आठवणींत धक्क्यांचे उल्लेख शोधावेत. आणि ज्या धक्क्यांनंतर काहीही घडले नाही, तेही तितक्याच दक्षतेने लिहून ठेवावेत. व्याप्ती सिद्ध होते ती अशाच उपेक्षित नोंदींच्या बळावर.